पत्र्यावरचा पाऊस

आषाढातली पहाट, पावणेपाचची वेळ. गजर वाजतो आणि पाठोपाठ दुसरा आवाज कानावर येतो, मागच्या पडवीच्या पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा. अंथरुणातून ऐकताना वाटतं की बाहेर आभाळ फाटलंय. खिडकी काळीकुट्ट, पांघरूण उबदार, आणि साडेपाचला घाटाच्या पायथ्याशी पोचायचं असतं. मन लगेच हिशेब मांडतं: बूट भिजणार, चष्म्यावर पाणी साचणार, वर पठारावर वारा झोंबणार. आज राहू दे.

मग उठून दार उघडलं की दिसतं, नुसती रिपरिप आहे. पत्रा प्रत्येक थेंब ढोलासारखा मोठा करून सांगतो. साताऱ्यात मी बरेच पावसाळे पळत काढले, आणि त्यातून स्वतःपुरता एकच पक्का नियम केला: पावसाचा अंदाज अंथरुणातून घ्यायचा नाही, अंगणात उभं राहून घ्यायचा. अंथरुणापासून अंगणापर्यंत जेमतेम पंधरा पावलं असतील. पावसाळ्यात पळणं बंद पडलेले जे लोक मला माहीत आहेत, त्यातले बहुतेक या पंधरा पावलांतच थांबले. घाटाने त्यांना अडवलं नव्हतं.

तरीही पावसाळा टाळायचा का नाही, याला आमच्याकडे एक रोकडं कारण आहे. समर्थ मंदिर मागे टाकलं की कासचा रस्ता यवतेश्वरच्या घाटात शिरतो आणि चढतच राहतो. याच रस्त्यावर २०१२ पासून सातारा हिल हाफ मॅरेथॉन होते. शहरातून निघायचं, घाट चढून कासच्या दिशेने जायचं आणि फिरून खाली यायचं, असे एकवीस किलोमीटर. ती साधारण सप्टेंबरात असते, म्हणजे तयारीचे महिने जून, जुलै आणि ऑगस्ट. मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी. तिच्या ४२.१९५ किलोमीटरसाठी चार-पाच महिने शिस्तीत पळावं लागतं, आणि त्या पळण्याला पाया हवा असेल तर तो पावसातच घालावा लागतो. महाराष्ट्रातल्या धावपटूने पावसाळ्याची सुट्टी घेतली की त्याचं निम्मं वर्ष गेलं.

आता त्या पंधरा पावलांकडे नीट बघू. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक साधा प्रश्न तपासला. व्यायाम किती आवडेल, असं लोकांना आधी विचारलं आणि व्यायाम झाल्यावर किती आवडला, असं पुन्हा विचारलं. लोकांचा आधीचा अंदाज सातत्याने कमी निघाला. प्रत्यक्षात मजा जास्त आली. कारण शोधल्यावर दिसलं की अंदाज बांधताना माणसाच्या डोळ्यांसमोर व्यायामाची सुरुवातच असते, आणि सुरुवात हाच बहुतेक वेळा सगळ्यांत नकोसा भाग असतो. पुढची पस्तीस-चाळीस मिनिटं त्या अंदाजात धरलेलीच नसतात.

हे वाचलं तेव्हा मला आमचा पत्राच आठवला. मनही तेच करतं. पहिल्या दहा मिनिटांची शिरशिरी ते सगळ्या तासाला लावून टाकतं.

त्यात वेळ अशी की शरीरही त्या क्षणी आपल्या बाजूने नसतं. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास दिवसातलं सगळ्यांत कमी असतं. झोपेतून उठल्यावर मेंदूवर जो जडपणा रेंगाळतो, तो उतरायला पंधरा ते तीस मिनिटं लागतात. म्हणजे अंग सर्वांत थंड, डोकं सर्वांत जड, आणि नेमक्या त्या वेळी आपण स्वतःला विचारतो, जायचं का? त्या घटकेला मिळणारं उत्तर आळशीपणाचं आहे असं मी म्हणणार नाही. अर्धवट जाग्या शरीराचं ते प्रामाणिक उत्तर आहे. चूक असलीच तर तेव्हा प्रश्न विचारण्याची आहे.

म्हणून तो प्रश्न पहाटेपर्यंत शिल्लकच ठेवायचा नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली यावर महत्त्वाचा लेख लिहिला. ‘उद्यापासून पळेन’ अशा संकल्पापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ अशी जर-तरची गाठ मारून ठेवली, तर काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांतून दाखवलं. माझी गाठ अशी आहे: गजर झाला की पाय जमिनीवर, पाय जमिनीवर आले की मोजे. कपडे आदल्या रात्रीच खुर्चीवर, घालायच्या क्रमाने रचलेले. मोजे सगळ्यांत वर असतात, कारण एकदा मोजे घातले की माणूस परत पांघरुणात शिरत नाही. हा माझा अनुभव, संशोधन नव्हे. पण तो अजून खोटा ठरलेला नाही.

पहिली दहा मिनिटं गेली की काय बदलतं, ते समजून घेण्यासारखं आहे. स्वस्थ बसलेलं शरीर मिनिटाला साधारण एक किलोकॅलरी जाळतं. साठ किलो वजनाचा माणूस ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने पळू लागला की हा आकडा दहाच्या आसपास जातो. स्नायू काही पूर्ण कार्यक्षम यंत्र नव्हेत. जळलेल्या ऊर्जेचा पाव हिस्सा, फार तर, हालचालीला लागतो आणि उरलेली सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे अंगातली भट्टी दसपट पेटते. फक्त तिला तापायला वेळ द्यावा लागतो. दारातून निघताना थोडी थंडी वाजत असेल, तर कपडे बरोबर आहेत असं समजावं. निघतानाच ऊब वाटली तर घाटाच्या दुसऱ्या वळणावर जर्किन कमरेला बांधायची वेळ येते.

पावसाळ्यात पळताना उकाड्याचा त्रास कमी का होतो, याचं उत्तरही इथेच आहे. घाम अंग थंड करतो तो वाळताना. एक लिटर घाम पुरता वाळला की सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मे महिन्यात मुंबईत किंवा पणजीत हवाच इतकी ओलसर असते की घाम वाळत नाही, नुसता ठिबकत राहतो आणि माणूस आतून उकडून निघतो. पावसात घामाचं काम थेंबच करतात. पाणी हवेच्या जवळपास पंचवीसपट वेगाने उष्णता ओढून घेतं. पळतोय तोवर हे वरदान असतं, आणि थांबलो की तेच उलटतं. वर पठारावर फोटो काढायला पाच मिनिटं थांबलेला माणूस दात वाजवत खाली उतरताना मी पाहिलाय. सुती बनियन तर कधीच घालू नये. ते पाणी धरून ठेवतं, जड होतं आणि अंगाला गार फडक्यासारखं चिकटून बसतं. साधा पॉलिस्टरचा टी-शर्ट पुरतो. प्लास्टिकचा रेनकोट घालून पळणारा बाहेरून कोरडा राहतो आणि आतून घामाने तितकाच भिजतो. भिजायचंच आहे हे एकदा मान्य केलं की निम्मं ओझं उतरतं.

बोस्टनची २०१८ सालची मॅरेथॉन मला या सगळ्यासाठी नेहमी आठवते. तारीख होती १६ एप्रिल. तापमान जेमतेम तीन-चार अंश, मुसळधार पाऊस आणि समोरून सोसाट्याचा वारा. जगातले नावाजलेले धावपटू एकामागून एक शर्यत सोडत होते. अमेरिकेच्या डेझिरे लिंडनलाही सुरुवातीच्या टप्प्यातच वाटलं की आज आपलं काही खरं नाही. याच शर्यतीत २०११ साली तिचं पहिलं स्थान दोन सेकंदांनी हुकलं होतं. तिने शेजारी पळणाऱ्या शलेन फ्लॅनगनला सांगितलं की मी बहुधा थांबणार आहे, तेव्हा तुला वारा अडवायला किंवा कशाला मदत लागली तर सांग. पुढे फ्लॅनगन शौचालयासाठी थांबली, तेव्हा लिंडनने वेग कमी करून तिची वाट पाहिली आणि दोघी मिळून पुढच्या घोळक्याला गाठायला निघाल्या. नंतर तिने मॉली हडललाही तशीच साथ दिली. दुसऱ्यांसाठी पळता पळता तिच्या लक्षात आलं की आपण आघाडीच्या जवळ आलो आहोत. ती २ तास ३९ मिनिटं ५४ सेकंदांत जिंकली. अमेरिकेच्या स्त्रीने बोस्टन जिंकण्याची १९८५ नंतरची ती पहिलीच वेळ.

पुरुषांत त्या दिवशी जिंकला जपानचा युकी कावाउची. तो सायतामा प्रांतात सरकारी नोकर होता. शाळेच्या कार्यालयातलं काम सांभाळून उरलेल्या वेळात सराव करायचा. त्याच वर्षी १ जानेवारीला बोस्टनजवळच्या मार्शफील्डमध्ये, शून्याखाली सतरा अंशांच्या आसपासच्या थंडीत, तो एक छोटी मॅरेथॉन पळाला होता. ती पूर्ण करणारा तो एकटाच होता. एप्रिलमधल्या पावसाने बाकीच्यांचं कंबरडं मोडलं, त्याला मात्र ती हवा ओळखीची होती.

लिंडनच्या गोष्टीतला दुसऱ्याची वाट पाहण्याचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो, कारण आम्हा सामान्य पळणाऱ्यांना तो रोज वापरता येतो. आम्ही पाच-सहाजण पोवई नाक्यावर जमतो. त्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. ते घरून नाक्यापर्यंत छत्री घेऊन चालत येतात. बंद असलेल्या चहाच्या टपरीच्या जाळीला छत्री अडकवतात आणि मग आमच्याबरोबर भर पावसात पळतात. नव्याने आलेल्या एका मुलाने त्यांना विचारलं, “सर, भिजायचंच आहे तर छत्री कशाला?” सर म्हणाले, “अरे, घरातून निघताना कोरडा असलो की निघवतं. इथे तुम्ही दिसलात की मग भिजायचं काही वाटत नाही.” पहिला नकोसा भाग जमेल तितका सोपा करून टाकायचा, बाकीचं आपोआप होतं, हे सरांनी कोणताही शोधनिबंध न वाचता ओळखलं होतं. कॅनडातल्या त्या अभ्यासातही आवडता व्यायाम आधी ठेवल्यावर लोकांचा उत्साह वाढलेला दिसला होता.

सोबत नेमकी काय करते, हे बघायचं असेल तर आषाढात लोणंदला जावं. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून आमच्या जिल्ह्यात येते, चांदोबाच्या लिंबाशी उभं रिंगण होतं, पुढे फलटणला मुक्काम पडतो. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पायात चिखल, आणि सत्तरीतल्या आजीबाई तुळशीवृंदावन घेऊन चालतायत. प्रत्येक दिंडीला तिचा क्रमांक असतो, रथाच्या पुढे की मागे ती जागा ठरलेली असते, आणि दिंडीतल्या माणसाला आपली जागा माहीत असते. तो दिसला नाही तर लगेच विचारणा होते. भक्ती तर आहेच, तिच्याबद्दल मी काय बोलावं? पण पावसात पाऊल पुढे पडायला ही विचारणाही फार मोठा आधार आहे. आमच्या नाक्यावर कुणी आलं नाही की सर सहा वाजता फोन करतात. रागवत नाहीत, फक्त विचारतात, “बरं आहे ना?” त्या फोनच्या विचाराने मी कितीतरी सकाळी उठलो आहे.

एखादा दिवस बुडालाच तर काय, ही धास्ती अनेकांना असते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही, हेही त्यात दिसलं. ६६ दिवस म्हणजे आमच्या शेतकऱ्याच्या भाषेत पाच नक्षत्रं: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृगात सुरुवात केलेल्या माणसाचे पाय ऑगस्टच्या मध्यावर आपोआप दाराकडे वळू लागतात. मधल्या तरण्या आणि म्हाताऱ्या पावसाची झड, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, एवढी मात्र निभावून न्यावी लागते. गळती तिथेच होते.

त्या दिवसांत मनावर येणारं मळभ खरं असतं. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, घरात कुबट वास. अशा वेळी बाहेर पडण्याचा एक फायदा सहज लक्षात येत नाही, तो उजेडाचा. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत साधारण शंभर ते तीनशे लक्स प्रकाश असतो. दाट ढगांखालचं उघडं आकाशसुद्धा दिवसा हजाराच्या वर जातं. डोळ्यांना ते काळोखं वाटतं, पण शरीराचं घड्याळ हा फरक नेमका टिपतं. जुलैत आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. साडेपाचला अंधारात निघालेला माणूस घाट चढेपर्यंत दिवसाचा पहिला उजेड अंगावर घेतो. घाटाच्या वरच्या वळणावर ढग क्षणभर फाटतात, खाली अजिंक्यतारा आणि शहराचे विझत चाललेले दिवे दिसतात, आणि पुन्हा सगळं पांढरं होतं.

न जाण्याचे दिवसही असतात, आणि ते ओळखणं पळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. वीज कडाडत असेल तर घरात थांबावं. लखलखाट आणि गडगडाट यांत तीन सेकंद गेले तर वीज किलोमीटरभरावर पडली असं धरावं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. आमच्याकडे विजांचा जोर मोसमी पावसाच्या आधी आणि परतीच्या पावसात जास्त असतो. ऐन आषाढात कमी. अतिवृष्टीच्या इशाऱ्यात घाटात जाऊ नये, दरड सांगून येत नाही. मुंबईकरांसाठी तुंबलेलं पाणी हा वेगळाच धोका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसने अनेकांचे बळी घेतले. पायाला साधी खरचटलेली जखम असेल तरी अशा पाण्यात उतरू नये. उतरावं लागलंच तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषधाबद्दल विचारावं.

रस्त्यावरची सगळ्यांत निसरडी जागा चिखलाची असेल असं वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. मी घसरलो तो झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर, उताराला, आणि मनगट महिनाभर बांधून ठेवावं लागलं. ओला रंग, गटाराची लोखंडी झाकणं, शेवाळलेली फरशी यांच्यावर पाऊल सपाट आणि आखूड टाकावं. अंधारात चकाकणारा पट्टा अंगावर असावा, डोक्याला बॅटरी असावी आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळावं. टोपीची पुढची झाप चष्म्यावरचं पाणी अडवते. मांड्यांना आणि काखेत खोबरेल तेल चोळलं तर ओल्या कपड्याने साल निघत नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या नाहीत तर चिखल्या होतात, आणि मग आठवडाभर चालणंही नको होतं.

ओल्या पायांबद्दल बोलताना दोन नावं घेतल्याशिवाय राहवत नाही. तीन हजार मीटर स्टीपलचेस ही अशी शर्यत आहे की त्यात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. पहिल्या खड्ड्यानंतर बूट भिजतात आणि शेवटपर्यंत ओलेच राहतात. या शर्यतीत ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती, त्यानंतर प्राथमिक फेरी पार करून ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेली ही पहिली भारतीय स्त्री. अविनाश साबळेने २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य मिळवलं, सुवर्ण सेकंदाच्या विसाव्या भागाने हुकलं. लष्करात असताना त्याने सियाचीनची थंडीही काढली आणि राजस्थानचं वाळवंटही. ललिता आमच्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची, अविनाश बीडमधल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. दोन्ही तालुके पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाशी झगडणारे. जिथे आभाळाकडे डोळे लावून बसावं लागतं, तिथून आलेल्या दोघांनी भिजल्या बुटांच्या शर्यतीत नाव काढलं, याचं मला दरवेळी नव्याने अप्रूप वाटतं.

बूट वाळवायची रीत सोपी आहे. आल्या आल्या नाडी पूर्ण सैल करायची, आतला इनसोल काढून वेगळा ठेवायचा आणि वर्तमानपत्राचे बोळे टाचेपासून चवड्यापर्यंत ठासून भरायचे. तासाभराने ते लगदा झालेले असतात. काढायचे, नवे भरायचे, बूट पंख्याखाली उपडे ठेवायचे. गॅसजवळ किंवा चुलीच्या तोंडाशी ठेवले तर सोलचा डिंक सुटतो. रात्री झोपण्याआधी तिसऱ्यांदा कागद बदलायचा. हे काम मी हौसेने करतो. बोळा भरताना उद्याची सकाळ हातात आल्यासारखी वाटते.

पावणेपाचला पत्रा पुन्हा वाजतो. पाय खाली, मोजे, मग बुटातून कागद ओढून काढतो. चवड्याशी हात घातला की अजून जराशी ओल लागते. दार उघडून अंगणात येतो. नाक्यावर पोचतो तर टपरीच्या जाळीला छत्री अडकवलेली असते, तिच्या टोकातून पाणी गळत असतं, आणि सर पलीकडे पाय ताणत उभे असतात.